श्रमदान आणि रिकाम्या जागा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल रात्री जेवणानंतर आपल्यातील एका तरुण मित्राने मला मोठ्या अभिमानाने सांगितले, की त्यांचा गट गेली चार वर्षे महिन्यातून एक रविवार जवळच्या गडावर जातो, वाटेवरची दरड दूर करतो, झाडी छाटतो आणि हौशी मंडळींनी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पोत्यांत भरून खाली आणतो. मी त्यांना विचारले, की त्या जंगलाला वनरक्षक किती? ते म्हणाले, "दोन होते. एक निवृत्त झाले, ती जागा काही भरली नाही. पण सर, आम्ही आहोत ना!" या "आम्ही आहोत ना"ने माझी झोप उडवली. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या चळवळीला श्रमदान हा शब्द पवित्र आहे, मलाही आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रत्येक दानाविषयी एक अरसिक प्रश्न विचारावाच लागतो : या दानामुळे कोणाचा खर्च वाचला, आणि वाचलेला पैसा गेला कोठे?

हा प्रश्न मी आज अमेरिकेच्या एका उदाहरणावरून मांडणार आहे. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणून आपण ज्या देशाकडे पाहतो, तेथे वने, कुरणे आणि डोंगर यांचा प्रचंड विस्तार आजही संघराज्य सरकारच्या मालकीचा आहे, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात नसते. वनसेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा, भूव्यवस्थापन विभाग अशी खाती ही जमीन सांभाळतात, आणि गिर्यारोहक, पदभ्रमणकर्ते, शिकारी, मासेमार, सायकलस्वार, मोटारवाहनांचे हौशी अशांच्या संघटना त्यांच्याशी करार करून वाटा राखतात, पूल बांधतात, खुणा रंगवतात. ही भागीदारी तेथे सुमारे शंभर वर्षांची आहे. तिचा जमाखर्च मांडण्याइतका काळ लोटला आहे.

आरंभ मात्र आपल्या गोत्रातला आहे. बेंटन मॅकाय हा वनसेवेत १९०५ पासून काम केलेला वनशास्त्रज्ञ. पुढे तो श्रमखात्यात गेला आणि १९१९ मध्ये त्याने रोजगार व नैसर्गिक साधनसंपत्ती यांच्या संबंधावर अहवाल लिहिला. सरकारी जमिनीवर सट्टेबाजीला वाव न ठेवता श्रमिकांच्या वसाहती उभाराव्यात, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणी मनावर घेतले नाही. मग १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेच्या मासिकात त्याने ॲपलाचियन पर्वतराजीच्या माथ्यावरून जाणाऱ्या एका दीर्घ पायवाटेची योजना मांडली. आज ही वाट जगप्रसिद्ध आहे. मूळ लेख मात्र फारसा वाचला जात नाही. त्यात पायवाट ही केवळ दोरी होती. तिच्यात ओवायचे होते ते निवारे, सहकारी तत्त्वावरील सामुदायिक शिबिरे आणि शेतीच्या वसाहती, जेथे नफ्याला स्थान नसेल आणि पूर्वेकडील शहरांतल्या कारखान्यांनी थकलेल्या माणसाला विश्रांती व कदाचित रोजगारही मिळेल. त्या लेखाचे उपशीर्षकच प्रादेशिक नियोजनाविषयी होते.

मॅकायच्या योजनेतून वाट उरली. शिबिरे व शेती गळून पडली. हे घडवून आणणारा माणूस वाईट नव्हता. मायरन एव्हरी हा सागरी कायद्याचा वकील १९३१ पासून १९५२ पर्यंत वाटेच्या मध्यवर्ती संघटनेचा अध्यक्ष होता. मोजमापाचे चाक ढकलत तो मैलोनमैल चालला, गावोगावी मंडळे उभी केली, आणि स्वप्नाळू मॅकायला जे दहा जन्मांत जमले नसते ते पुरे केले. व्हर्जिनियातील शेनान्डोआच्या डोंगरमाथ्यावरून सरकारने मोटाररस्ता काढला, तेव्हा वाट बाजूला सरकवून एव्हरीने सरकारशी जुळवून घेतले. मॅकायला तो द्रोह वाटला. १९३५ मध्ये तो रॉबर्ट मार्शल आदी सहकाऱ्यांसह रानटी प्रदेशाच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या वेगळ्या संस्थेत गेला. मार्शल स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवीत असे. वनांची सार्वजनिक मालकी वाढवावी असा आग्रह त्याने १९३३ च्या आपल्या ग्रंथात धरला होता.

एव्हरीच्या बाजूने काही बोलले पाहिजे, कारण आपल्या सभांत स्वप्नाळू माणसाला टाळ्या मिळतात आणि चाक ढकलणाऱ्याला मिळत नाहीत. तो नसता तर वाट झाली नसती. तरीही एक तपशील सांगतो. या वाटेचा शेवटचा तुकडा १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेन राज्यातील स्पॉल्डिंग पर्वतावर जोडला गेला. तो जोडला कोणी? स्वयंसेवकांनी नव्हे, तर रूझवेल्टच्या नागरी संवर्धन दलाच्या बेकार तरुणांनी, ज्यांना सरकार महिना ३० डॉलर वेतन देत होते आणि त्यांपैकी २५ डॉलर त्यांच्या घरी पाठवीत होते. स्वयंसेवेचे स्मारक म्हणून जी वाट मिरवली जाते, तिची अखेरची गाठ सरकारी पगारावर बांधलेली आहे.

याच शेनान्डोआची दुसरी बाजू हौशी मंडळींच्या पुस्तिकांत क्वचित येते. त्या राष्ट्रीय उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्याने सक्तीने जमिनी संपादन केल्या आणि सुमारे ५०० डोंगरी कुटुंबे उठवली. सरकार आणि शहरी पदभ्रमणकर्ते यांच्यात करार झाला. तिसरा पक्ष, जो तेथे राहत होता, तो मेजावर नव्हताच. "भागीदारी" हा शब्द ऐकला की मी प्रथम मोजतो, की खुर्च्या किती आहेत आणि रिकामी कोणाची आहे.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगतो. १९६८ च्या कायद्याने या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. १९७८ च्या दुरुस्तीने भूसंपादनासाठी ९ कोटी डॉलरची तरतूद मंजूर झाली, आणि खाजगी जमिनीतून, हमरस्त्यांवरून फरफटणारी वाट हळूहळू सार्वजनिक मालकीच्या पट्ट्यात आली. आज ९९ टक्क्यांहून अधिक वाट तशी आहे. संघटनांच्या रेट्याशिवाय हे झाले नसते. पण तो रेटा सरकारने पैसा ओतावा यासाठी होता, सरकारने हात काढून घ्यावा यासाठी नव्हता.

हात काढून घेण्याचे वळण १९८४ चे. त्या जानेवारीत, रेगन यांच्या कारकीर्दीत, राष्ट्रीय उद्यान सेवेने वाटेसाठी विकत घेतलेल्या जमिनीच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी स्वयंसेवी संघटनेकडे सोपवली. लोकशाहीवादी माणसाला हे मोहवते, मलाही मोहवते : नोकरशाहीऐवजी लोक! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भूव्यवस्थापन विभागाच्या व उद्यान सेवेच्या स्वयंसेवकांसंबंधीच्या कायद्यात एक तरतूद घालण्यात आली, की स्वयंसेवकांना धोक्याचे काम, पोलिसी काम आणि धोरण ठरवण्याचे काम देता येणार नाही, तसेच त्यांच्यामुळे कोणा कर्मचाऱ्याला विस्थापित करता येणार नाही. कामगार चळवळीच्या माणसाला समाधान वाटावे अशी ही तरतूद आहे. पण ती पुन्हा वाचा. तिचे संरक्षण कर्मचाऱ्याला आहे, जागेला नाही. माणूस निवृत्त झाला, जागा भरली नाही, आणि त्याचे काम रविवारच्या गटाकडे गेले, तर कोणीही विस्थापित झालेले नसते. रिकाम्या खुर्चीला विस्थापित करता येत नाही.

नेमके हेच घडले. वनसेवेनेच २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, १९९५ मध्ये तिच्या अंदाजपत्रकाचा १६ टक्के भाग वणव्यांवर खर्च होई, तो त्या वर्षी निम्म्याच्या वर गेला. आणि वणव्याखेरीज अन्य कामांवरील कर्मचारी १९९८ पासून ३९ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले, की वनसेवेच्या १ लाख ५८ हजार मैल वाटांपैकी जेमतेम पाव भाग तिच्या स्वतःच्या निकषांना उतरतो आणि थकलेल्या दुरुस्तीचा बोजा ३१ कोटी ४० लाख डॉलरचा आहे. यावर उपाय काय निघाला? २०१६ मध्ये एक कायदा झाला. स्वयंसेवक व भागीदार संघटना करीत असलेली वाटांची देखभाल पाच वर्षांत किमान दुप्पट करावी, असे उद्दिष्ट त्यात आखून दिले. पायवाटांच्या संघटनांनी त्याचे स्वागतच केले. डोंगरावर प्रेम करणारी माणसे वाट मोडलेली पाहू शकत नाहीत, आणि अंदाजपत्रक आखणाऱ्यांना ते चांगले ठाऊक असते.

आता थोडे गणित. ॲपलाचियन वाटेवर कोरोनापूर्वीच्या वर्षांत सुमारे ६,००० स्वयंसेवक मिळून वर्षाला २ लाखांहून अधिक तास काम करीत. पूर्ण वेळ कामगाराचे वर्ष २,००० तासांचे धरले, तर हे १०० माणसांचे काम झाले. २,१९० मैलांच्या वाटेला १०० माणसे! एवढ्या श्रीमंत राष्ट्राला एवढे शंभर पगार जड होते काय? अर्थात त्या सहा हजार लोकांना वाटेविषयी जी आपुलकी वाटते ती शंभर पगारांनी विकत घेता आली नसती, हेही माझ्या गणितात धरलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गावातल्या ज्या तरुणाला त्या शंभर नोकऱ्यांपैकी एक मिळाली असती, त्याची आपुलकीही कोणी मोजलेली नाही. सवड आणि मोटारगाडी ज्यांच्याजवळ असते तेच श्रमाचे दान करू शकतात. मॅकायला डोंगरावर गिरणीकामगार हवा होता.

जेथे फुकटचे श्रम पुरत नाहीत तेथे शुल्क येते. १९९६ मध्ये प्रायोगिक म्हणून चार खात्यांना सार्वजनिक जमिनीवरील करमणुकीसाठी शुल्क घेण्याची आणि त्यातले किमान ८० टक्के जागच्या जागी ठेवण्याची मुभा मिळाली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या, करमणूक-उद्योगाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या एका महासंघाने या योजनेचा जोरदार पुरस्कार केला. दक्षिण कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय वनांत मोटार उभी करायला दिवसाचे ५ डॉलर द्यावे लागू लागले. २००४ मध्ये खर्चाच्या एका अजस्र विधेयकाला जोडून हा प्रयोग कायद्यात शिरला. पुढे २०१२ मध्ये ॲरिझोनातील माउंट लेमनच्या प्रकरणात अपील न्यायालयाने बजावले, की जो केवळ गाडी उभी करून चालायला जातो आणि कोणतीही सुविधा वापरत नाही त्याच्याकडून वनसेवेला पैसे घेता येणार नाहीत. दावा लावणारे साधे पदभ्रमणकर्ते होते. खात्याचे उत्पन्न शुल्कावर अवलंबून राहिले, की जेथे गिऱ्हाईक तेथे खर्च आणि जेथे गिऱ्हाईक नाही ते रान ओसाड, हा हिशेब कोणी लिहून न देताही रुजतो. नागरिक जातो, गिऱ्हाईक येते.

इथवर ऐकून काही मित्र म्हणतील, की मग या संघटनांशी संबंधच नको. तेथे मी थांबतो. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने उद्यान सेवेतील सुमारे १,००० आणि वनसेवेतील किमान २,००० परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढले. पुढे अनेकांना आदेशान्वये परत घ्यावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये यूटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडील ११ राज्यांत २० ते ३० लाख एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद करविधेयकात घातली. तेव्हा उठले कोण? शिकारी, मासेमार, पदभ्रमणकर्ते, तंबू आणि बूट विकणारे, आणि त्यांच्या रोषाला भ्यालेले खुद्द रिपब्लिकन प्रतिनिधी. २८ जूनला ती तरतूद मागे घेतली गेली. ज्या माणसाने दहा वर्षे एखाद्या वाटेवरचे दगड उचलले असतात, त्याला ती विकली जाताना पाहवत नाही. सार्वजनिक मालकीचे रक्षण करणारी फौज कोठे तयार होते, याची आपण डाव्यांनी नोंद घ्यायला हवी. आपल्या पत्रकांनी ती तयार झालेली नाही.

तेव्हा माझ्या तरुण मित्राने रविवारचे काम सोडू नये. त्याने एवढेच करावे : पुढच्या वेळी गडावर जाण्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा. त्या परिक्षेत्रात वनरक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून. पर्यटकांकडून शुल्क घेतले जात असेल तर ते किती जमले आणि पायथ्याच्या गावाच्या समितीला त्यातले किती मिळाले. उत्तर आले की गटाच्या पुढच्या बैठकीला त्या गावातल्या दोघा-तिघांना बोलवावे आणि कागद सर्वांसमोर वाचावा. मग रिकामी जागा भरण्याची मागणी आणि गाळ काढण्याची तारीख, दोन्ही त्याच बैठकीत ठरवता येतील. उत्तर आल्यावर मलाही कळवावे. मी वाट पाहीन.