जुन्या गाडीला अलॉय व्हील



घरची जुनी मारुती ८०० अजून पळते आहे.
तिला अलॉय व्हील लावायचे आहेत?
मग चकाकी नंतर बघा.
आधी चाक उलटं करा.

चाकाची खरी ओळख मागच्या बाजूला असते.
तिथे इंचांतला व्यास असतो, रुंदी असते.
आणि 'ईटी' या अक्षरांपुढे ऑफसेट.
म्हणजे चाक किती आत बसणार, किती बाहेर.
ऑफसेट चुकला, की वळताना टायर घासू शकतो.

आठशेचं मूळ चाक १२ इंचांचं, चार नटांचं.
पण चार भोकं दिसली, म्हणून चाक बसेलच असं नाही.
भोकांच्या वर्तुळाचा व्यासही जुळायला हवा.
"भोकं वाढवून देतो," असं कुणी म्हणालं, तर सरळ निघून या!

पुन्हा सांगते.
आधी मागची बाजू, मग डिझाइन.

वापरलेलं चाक असेल, तर भेगा आणि वेल्डिंगच्या खुणा शोधा.
अशी चाकं स्वस्तातही नकोत.

नट त्या अलॉयला जुळणारेच लावा.
थोडं अंतर गाडी चालवून ते पुन्हा तपासा.
आणि हो, जुने नट टाकू नका.
स्टेपनी लोखंडी असेल, तर तिला तेच लागतील.