मृत्युपत्रावांचून मागें राहिलेली मालमत्ता



जुबिलीच्या मंगल प्रसंगीं मरणाची व वांटणीची गोष्ट कां काढावी, असें कित्येकांस वाटेल. परंतु एकाच बाप्तिस्माकुंडावर नांवें पावलेलीं भावंडें बापाच्या पश्चात् एका वाडीपायीं एकमेकांशीं बोलेनाशीं झालेलीं आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला आहे.

वडिलोपार्जित जमीन मुलग्यांची, आणि मुलीला लग्नांत जें दिलें तोच तिचा वांटा, असा समज आपल्यांत फार खोल रुजला आहे. कायद्यांत त्याला आधार नाहीं. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां वारला, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. (गोमंतकांतील कायदा निराळा, त्याचा विचार येथें करीत नाहीं.) या अधिनियमाप्रमाणें विधवेस एकतृतीयांश व उरलेले दोनतृतीयांश मुलांस मिळतात, आणि मुलगा व मुलगी यांत तिळमात्र भेद नाहीं.

समजा, मागें १८ गुंठ्यांची वाडी राहिली. आईचे ६ गुंठे; राहिलेले १२ दोन मुलगे व दोन मुली यांस प्रत्येकीं ३. एखादा मुलगा बापाच्या आधींच वारला असेल, तर त्याचे ३ गुंठे त्याच्या मुलांकडे जातात. आईचे ६ गुंठे केवळ तिच्या हयातीपुरते नव्हेत. ते तिच्या पूर्ण मालकीचे होत. पत्नी वारली असतां पतीसही हाच नियम.

सलाफहादाच्या पांच मुली वतनाचा वांटा मागण्यास मोशेपुढें उभ्या राहिल्या, ही कथा आपण गणनेच्या ग्रंथांत वाचतों. आपल्या काळीं तसेंच धैर्य केरळांतील मेरी रॉय यांनीं दाखविलें. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यानें ख्रिस्ती मुलीस मुलाच्या वांट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकीं जें कमी असेल तेवढेंच मिळे. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, १९५१ पासून तेथेंही १९२५ चाच अधिनियम लागू आहे.

आमच्याकडे मात्र कायदा अनुकूल असूनही बहिणीचा वांटा जातो, तो हक्कसोडपत्रानें. महिन्याची मिस्सा होते न होते तोंच कागद पुढें येतो. “सही कर, माहेर तुटूं देऊं नकोस,” असें तिला सांगितलें जातें. बहिणीनें प्रेमानें वांटा सोडला तर तिचें औदार्य थोरच. परंतु माहेर बंद होईल या भयानें केलेल्या सहीस आम्हीं औदार्य म्हणणार नाहीं. तो कागद तिला वाचून दाखवावा, जमिनीचें मोल सांगावें, विचारास अवधि द्यावा. असा कागद दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदविलेला नसेल तर जमिनीवरील हक्क सुटत नाहीं. तसेंच सातबारावर नांव लागलें नाहीं, एवढ्यानें बहिणीचा हक्क बुडत नाहीं. ती नोंद महसुलाची, मालकी ठरविणारी नव्हे.

निपुत्रिक विधवेची अवस्था याहून बिकट आहे. तिला अर्धीच मालमत्ता मिळते. दुसरी अर्धी पतीच्या आप्तांकडे जाते. त्यांत सासरा हयात असेल तर ती सर्व त्याची, सासूस कांहीं नाहीं. बाप असतां आईस वगळणारा हा नियम आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. विधि आयोगानेंही २०१४ च्या आपल्या २४७ व्या अहवालांत या कलमांच्या सुधारणेची शिफारस केली आहे.

म्हणून ज्यांस मूल नाहीं, त्यांनीं तरी मृत्युपत्र करण्यास विलंब लावूं नये. त्यास स्टँपाचा कागद लागत नाहीं, नोंदणीही सक्तीची नाहीं. दोन साक्षीदार मात्र अवश्य हवेत. आणि ज्यास कांहीं द्यावयाचें आहे त्यास, किंवा त्याच्या पतीस अथवा पत्नीस, साक्षीदार करूं नये, कारण तसें केल्यास त्याला दिलेली देणगी रद्द होते.