डब्यात काय आहे?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी तिथे सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला आरोग्य आणि पर्यावरण या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मी सॉफ्टवेअरवाली. आपल्या वर्गात चांगले तीन डॉक्टर आहेत, त्यातल्या दोघी पुढेच बसल्या आहेत आणि आत्ताच माझ्याकडे संशयानं बघतायत. पण उत्तर आलं, "तू ग्रुपवर सारखे खताचे फोटो टाकतेस ना, तेच सांग." म्हणून तेच सांगते.

मधल्या सुट्टीत आपला पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "डब्यात काय आहे?" आजही मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. डबा तेवढा वेगळा, कचऱ्याचा.

ऑगस्ट २०२० मध्ये स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला आणि एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत आपलं कऱ्हाड देशात पहिलं आलं. ग्रुपवर ती बातमी सगळ्यात आधी मी टाकली होती, वर तीन झेंडे लावून. तेव्हा पुण्यात माझ्या ओट्याखाली एकच डबा होता. भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, रिमोटचे संपलेले सेल, सगळं एका काळ्या पिशवीत. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा द्यायचा हा नियम तेव्हा होता, २०१६ चा. तो मला माहीत नव्हता असं नाही. वेळ नाही, हे उत्तर तयार होतं.

पुण्यात बऱ्याच भागांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा गोळा करतात. आमच्याकडे येणाऱ्या मावशी सकाळी साडेआठला यायच्या. खाली गाडीपाशी बसून पिशव्या उघडायच्या आणि आम्ही एकत्र केलेलं हातानं वेगळं करायच्या. त्यातला विकला जाणारा सुका माल हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. मी हे रोज वरून बघत होते. बघत होते म्हणजे काय, नजर जात होती.

२०२२ च्या फेब्रुवारीत एका रात्री माझ्या हातून काचेचा ग्लास फुटला. तुकडे गोळा केले आणि त्याच पिशवीत, उरलेल्या भातावर टाकून दिले. दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना वॉचमनचा फोन आला. मावशींचा तळहात कापला होता. पाच टाके पडले. दवाखान्याचा खर्च मी दिला, त्यात मोठेपणा काही नाही. चार दिवसांनी हाताला पट्टी बांधून त्या पुन्हा दारात उभ्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "काच असली तर नुसतं सांगायचं ओ ताई. कागदात बांधून हातात द्यायची." एवढंच. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं मला.

त्याच महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, ती माझी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझे बाबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील, सायकलवरून मला न्यायला यायचे. साखरेपायी २०११ मध्ये त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं. तो कागद हातात घेऊन मी बाबांच्या चपला आठवत बसले. शेवटची काही वर्षं ते एका मापाच्या दोन चपला घालू शकत नव्हते.

आमच्या कामात एक शिस्त आहे. प्रोग्रॅम बिघडला की अंदाज बांधत बसायचं नाही, आधी लॉग वाचायचा, म्हणजे यंत्रानं काय काय केलं त्याची नोंद. मी ठरवलं, महिनाभर घरच्या कचऱ्याचा लॉग ठेवायचा. दोन डबे आणले, घातक कचऱ्यासाठी एक खोका, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. नवऱ्यानं डोक्याला हात लावला, मुलाला मात्र मजा वाटली. तो आकडे लिहायचा.

तीस दिवसांत आम्हा तिघांचा ओला कचरा २१ किलो, सुका ६ किलो. वजनापेक्षा यादी वाचवत नव्हती : बाहेरून मागवलेल्या जेवणाचे ३८ प्लास्टिकचे डबे, ११ कोल्ड्रिंकच्या बाटल्या, वेफर्स-बिस्किटांची २६ पाकिटं. ओल्या कचऱ्यात देठं-सालींबरोबर शिळा नान, अर्धा बिर्याणीचा भात. डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाहेरचं खाणं किती?" मी म्हणाले होते, "कधीतरी." खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. डब्यानं सांगितलं, आठवड्याला चार वेळा. माझी साखर आणि मावशींसमोरचा ढीग एकाच वाटेनं वाढत होते, रात्री नऊला थकून फोनवर मागवलेल्या जेवणातून.

मग काय केलं? पहिल्यांदा काचेचं. फुटलेली काच, ब्लेड जाड कागदात बांधून, वर 'काच' लिहून हातात द्यायची. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडावं लागत नाही. इथे पुरुषमंडळी बसली आहेत म्हणून मी हे गाळणार नाही. तुमच्याही घरातून ते जातं आणि कोणीतरी हातानं उचलतं.

दुसरं खताचं. इथे सरांना एक कबुली द्यायची आहे. सर, आठवीत कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही शाळेमागे आम्हाला खड्डा खणायला लावला होता. खाली पालापाचोळा, मग ओलं, वर शेण आणि माती, पुन्हा पाला. वहीत ती कृती मी शेजारणीची बघून उतरवली आणि दहापैकी आठ मार्क मिळवले. तिला सात पडले होते, ते तिनं मला काल रात्री पुन्हा ऐकवलं. आता त्याची भरपाई ऐका.

मी भोकं पाडलेल्या बादलीत नुसता ओला कचरा भरत गेले. दहाव्या दिवशी वास, पंधराव्या दिवशी अळ्या, सोळाव्या दिवशी शेजारच्या काकू दारात. इंजिनियर असल्यामुळे मी वीस पानी माहितीपत्रकं वाचली. आणि मग तुमचा खड्डा आठवला. पाला कुठे होता माझ्या बादलीत? ओलं ओल्यावर पडलं की आत हवा जात नाही, आणि हवेशिवाय कुजतं त्याला घाण वास येतो. आता मी जेवढं ओलं तेवढाच सुका पाला घालते, देठं बारीक चिरून टाकते, दोन-तीन दिवसांनी खालीवर करते, वर पाल्याचा थर ठेवते. सुरुवातीला चमचाभर आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत. मूठ आवळली की पिळलेल्या फडक्यासारखं ओलसर लागलं पाहिजे. पाणी गळलं तर आणखी पाला. दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं खत होतं. काकू आता त्यांच्या तुळशीसाठी मागून नेतात. सोसायटीचा माळी पाला जाळायचा, तोही आता पोत्यात भरून ठेवतो.

खतासाठी देठं चिरायला लागले आणि लक्षात आलं, यातलं निम्मं आई टाकतच नसे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीची देठं आमटीत, कोबीचा दांडा किसून थालीपिठात. चोथा म्हणजे फायबर, साखर रक्तात हळूहळू चढावी म्हणून डॉक्टर जे वाढवायला सांगतात ते, आणि मी ते बादलीत घालत होते. आता साली आधी कढईत, उरलंसुरलं बादलीत.

आणि रात्री जेवून पंधरा मिनिटं चालायचं. जेवणानंतरची साखर त्यानं खरंच कमी चढते. घरच्या यंत्रावर मी दोन्ही दिवस मोजून बघितलं, चालून आणि न चालता. कापडी पिशवी, बाटली वगैरे तुम्ही सगळे करताच.

एक गोष्ट बोलून ठेवते, कारण आज सकाळपासून सगळे 'आपल्या वेळी कसं होतं' म्हणतायत. आपण जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायचो, चालत शाळेत यायचो, ते पैसे नव्हते म्हणून. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून कृष्णेत टाकणारे आपलेच होते, मीही टाकलंय. आणि घरात काही वाया न घालवणं हे आईचं एकटीचं काम होतं, पहाटे पाचपासून. ते मला नको आहे. आमच्याकडे बादली मुलाची, भाजी चिरणं नवऱ्याचं, लॉग माझा. सुटीच्या दिवशी बाहेरचं मागवतो आम्ही अजूनही. वर्षभरानं डब्यांची संख्या महिन्याला सहावर आली आणि साखर ५.८ वर. अजून उंबरठ्यावरच आहे, पण दाराच्या या बाजूला.

मावशींनी गेल्या दिवाळीत काम सोडलं. आता त्यांची सून येते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काचवाल्या ताई तुम्हीच ना?" सासूबाईंनी घर नीट ओळखायला शिकवलं होतं.

सर, येताना मी पाच किलो खत आणलंय, शाळेमागच्या आंब्याला घालायला. खड्डा होता तिथे आता सायकल स्टँड आहे, मी बघून आले. आणि जेवण झाल्यावर आम्ही काही जण प्रीतिसंगमापर्यंत चालत जाणार आहोत. सर हो म्हणाले आहेत. ज्यांना यायचं त्यांनी पंगत उठल्यावर गेटपाशी यावं.