चीनची व्यापारसहल : दिवसाची वही आणि रात्रीची वही



भारत आणि चीन यांच्यातील थेट विमाने २०२० पासून बंद होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. व्यापारशास्त्र शिकविणाऱ्या कॉलेजांच्या सहलींना आता ती वाट पुन्हा सोपी झाली आहे. उद्या आमगावचा, तिरोड्याचा किंवा सडक-अर्जुनीचा एखादा मुलगा, एखादी मुलगीही, अशा सहलीत असेल. घरची माणसे विचारतील, "बाबू, एवढा पैसा खर्चून तिथं बघणार तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुलांच्या हाती आधीच देणे हे शिक्षकांचे काम आहे. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी आपल्याशी बोलायच्या आहेत.

चीनला गेलेला आपल्याकडचा तरुण म्हटला की सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ साली जखमींच्या सेवेसाठी गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पण कॉलेज नुकतेच संपवून व्यापार शिकायला चीनला गेलेला एक तरुण त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. त्याचे नाव जमशेटजी टाटा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८५८ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, वडिलांच्या पेढीच्या कामासाठी हाँगकाँगला गेले. चार वर्षे तिकडे राहून १८६३ मध्ये परतले.

त्या पेढीतून काय जात होते आणि काय येत होते, तेही ऐका. इकडून जाई कापूस आणि अफू. तिकडून येई चहा, रेशीम, कापूर, दालचिनी, तांबे, पितळ. अफूचा हा व्यापार इंग्रजांनी दोन लढाया करून चीनच्या गळी उतरविला होता. दिवसा बंदरात पाहिले तर भरलेली गलबते, चोख हिशेब आणि भरपूर नफा. रात्री त्याच शहराच्या गल्लीत गेले तर अफूने खंगलेली माणसे. व्यापाराला दिवस असतो आणि रात्रही असते. एकच बाजू पाहून जो परत येतो त्याचे शिक्षण अर्धेच झाले म्हणायचे.

जमशेटजी पुढे इंग्लंडात गेले. तिथल्या लँकेशायरच्या गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या. आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि कापड होऊन चढ्या भावाने परत येतो, हा त्या काळचा व्यवहार होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी गिरणी काढली ती मुंबईत नव्हे, तर आपल्या नागपुरात. कापूस जवळ, कोळसा जवळ, आगगाडी दारात. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्याची सोय झाली. आज ती गिरणी उरलेली नाही. पण धडा उरला आहे. परदेशातून त्यांनी नुसता माल आणला नाही. आपल्या कच्च्या मालाचे काय करता येईल, याचा विचार आणला.

आता आजच्या चीनकडे वळू. व्यापार शिकणाऱ्यांच्या पायाखालचे एक गाव म्हणजे यिवू. शांघायच्या दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर. आपल्या बाजारात मिळणारी खेळणी, दिवाळीच्या दिव्यांच्या माळा, केसांच्या पिना, छत्र्या, कुलपे यांतला बराच माल तिथून निघतो. तिथल्या घाऊक बाजारात सत्तर हजारांहून अधिक गाळे आहेत. आपली मंडई एका दिवसात फिरून होते. हा बाजार महिनाभर फिरलात तरी पुरा व्हायचा नाही.

पण यिवूची जमीन काही सोन्याची नव्हती बरं का! ती लाल, निकस माती. पीक निघाले की हात रिकामे. मग तिथले शेतकरी खांद्यावर कावड घेऊन, हातात खुळखुळा वाजवीत गावोगाव फिरत. गूळसाखर द्यायची आणि बदल्यात कोंबडीची पिसे घ्यायची. चांगल्या पिसांचे झाडू व्हायचे, उरलेली खत म्हणून शेतात पडायची. सरकारी नियमांत अशा फेरीव्यापाराला जागा नव्हती. फेंग आयच्यान नावाच्या एका फेरीवालीने तालुक्याचे पक्षसचिव शिये गावहुआ यांना गाठून आपली अडचण तोंडावर सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. सप्टेंबर १९८२ मध्ये रस्त्याकडेच्या साध्या फळ्यांवर बाजार भरू लागला. आजच्या त्या अवाढव्य बाजाराची सुरुवात ही अशी आहे.

आपल्याकडेही धान कापून झाले की कितीक हात रिकामे होतात आणि माणसे कामासाठी घर सोडतात. म्हणून ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. गाळे किती, इमारती किती उंच, हे मुले विसरतील. एका बाईने गाऱ्हाणे मांडले आणि एका अधिकाऱ्याने कान दिला, हे विसरणार नाहीत.

दिवसाच्या वहीत विद्यार्थ्याने काय लिहावे? वस्तूचा भाव, कमीत कमी किती नग घ्यावे लागतात ती अट, माल तयार व्हायला लागणारे दिवस, गाडीभाडे, बंदराचा खर्च, आपल्याकडची जकात. नमुना एक आणि माल दुसरा असे होऊ नये म्हणून पसंत केलेल्या नमुन्यावर सही-शिक्का करून तो जपून ठेवावा. आगाऊ रक्कम किती आणि उरलेली केव्हा, ते कागदावर आणावे. आपल्या देशाचा कायदाही ठाऊक हवा. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाची खूण सक्तीची आहे. ती नसेल तर स्वस्त घेतलेला माल बंदरातच अडकतो आणि स्वस्ताई महागात पडते.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाळे बंद होऊ लागतात. सहलीतली मुले मग रात्रबाजार पाहायला जातात. अवश्य जावे. आपल्याकडे मंडईला दिवसा बाजार आणि रात्री नाटक असते. माणूस कळतो तो रात्री. पण दिव्यांच्या झगमगाटातून थोडे बाजूलाही जावे. दिवसभराच्या मागण्यांची खोकी कोण बांधते? मालमोटारी रात्री निंगबो बंदराकडे निघतात त्या कोण भरते? यिवूहून थेट स्पेनमधील माद्रिदपर्यंत १३,००० किलोमीटरची मालगाडी २०१४ पासून जाते. तिच्यात चढणारी प्रत्येक पेटी कोणाच्या तरी हाताखालून गेलेली असते.

ते हात पुष्कळदा खेड्यातून आलेल्या माणसांचे असतात. चीनमध्ये माणसाची नोंद त्याच्या मूळ गावी असते आणि शाळा, दवाखाना यांच्या सोयी पुष्कळशा त्या नोंदीला बांधलेल्या असतात. त्यामुळे आईबाप शहरात आणि मुले आजी-आजोबांपाशी खेड्यात, अशी घरे तिकडे फार आहेत. शहरातल्या मोठ्या कंपन्यांत सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, अशी कामाची रीत पडली होती. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. हे सारे रात्रीच्या वहीत जावे. स्वस्त वस्तूच्या किमतीत कोणाची झोप धरलेली नाही, हे तपासणे हाही व्यापाराचाच अभ्यास आहे.

आता सर्वांत जवळचा विषय, आपले धान. चीनने २०१८ मध्ये भारताच्या बिगर-बासमती तांदळाला दार उघडले, आणि पहिला १०० टनांचा माल त्याच वर्षी सप्टेंबरात निघाला तो आपल्या नागपुरातून. २०२० च्या अखेरीस तिकडच्या व्यापाऱ्यांनी आपली कनकी घ्यायला सुरुवात केली. तिचे शेवया-नूडल्स होतात, दारू होते, जनावरांचे खाद्य होते. २०२१ मध्ये चीन आपल्या कनकीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने देशातली गरज पाहून कनकीची निर्यात बंद केली आणि मार्च २०२५ मध्ये ती पुन्हा मोकळी केली.

पाहा, गिरणीच्या चाळणीखाली पडणारी कनकी ती! तिचा भाव कोणाकोणावर अवलंबून असतो? चिनी शेवयांच्या कारखान्यावर आणि दिल्लीच्या एका आदेशावरही. सरकारी भरडाईच्या हिशेबात १०० किलो धानामागे न उकडलेला तांदूळ ६७ किलो धरतात. उरते ते कोंडा आणि तूस. कोंड्याचे तेल निघते, तुसाचे जळण होते. आपल्या जिल्ह्याचा विद्यार्थी चीनला गेला तर त्याने तिथे पहिला प्रश्न हा विचारावा : "आमच्या कनकीचे तुम्ही काय करता, आणि ते आमच्या गावी का होऊ नये?"

दुसरा प्रश्न कोशाचा. आपल्याकडे ढिवर बांधव ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसतात. रेशमाच्या उत्पादनात चीन पहिला आणि भारत दुसरा. मग त्यांचे सूत एकसारखे कसे निघते? अळीचे रोग ते कसे आवरतात? असे दोन-तीन प्रश्न घेऊन निघालेला मुलगा रिकाम्या हाताने आला तरी खाली हाताने आला असे होणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, सगळीच मुले काही चीनला जाणार नाहीत. त्याची गरजही नाही. एक दिवस मुलांना जवळच्या तांदूळ गिरणीत न्या. धान आत जाताना मोजा, तांदूळ, कनकी, कोंडा, तूस बाहेर येताना मोजा. ही झाली दिवसाची वही. मग मुलांना घरी सांगा, रात्री जेवण झाल्यावर आईबापांना विचारून लिहा : रोवणीपासून विक्रीपर्यंत खर्च किती, हाती आले किती, आणि घरातले कोण किती महिने बाहेरगावी होते? ही रात्रीची वही. दुसऱ्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वर्गात बेरीज करा.

ती बेरीज ज्याला नीट जमली, तो उद्या यिवूला गेला काय किंवा गोंदियाच्या बाजारात बसला काय, फसणार नाही आणि दुसऱ्याला फसवणारही नाही.