पहिली मुलाखत आणि आपल्या वर्गातले मौन

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





सॉफ्टवेअर कंपनीतील नोकरीच्या पहिल्या मुलाखतीविषयी मी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. संगणकाचा प्रोग्रॅम मला लिहिता येत नाही. अशा मुलाखतीला मी कधी बसलेलो नाही. परंतु माझा एक विद्यार्थी बसला आणि नापास झाला. त्याच्या अपयशात माझाही वाटा होता, हे मला नंतर कळले. त्या नात्यानेच मी आज आपणांसमोर उभा आहे.

सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे कुठली तरी परकी, दूरची गोष्ट, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. ते तितकेसे खरे नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली. विप्रोचे मूळ तर आपल्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या वनस्पती तेलाच्या कारखान्यात आहे. वडिलांच्या निधनानंतर १९६६ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, अझीम प्रेमजी यांनी शिक्षण अर्धवट सोडून त्या कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि पुढे तिला संगणकाच्या क्षेत्रात नेले. तेव्हा हा रस्ता आपल्या अंगणापासून फार लांबचा नाही. प्रश्न आहे तो दाराशी पोहोचल्यावर काय होते याचा.

माझा हा विद्यार्थी आपल्याच शाळेतून दहावी झाला. त्याच्या अब्बांचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. कर्ज काढून त्यांनी मुलाला इंजिनिअरिंगला घातले. शेवटच्या वर्षी त्याने पुण्यातील एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत अर्ज केला. आधी संगणकावरची चाचणी झाली. त्यात गणित, तर्क, इंग्रजी आणि दोन छोटे प्रोग्रॅम होते. तो उत्तीर्ण झाला. गॅरेजमध्ये पेढे वाटले गेले. घरच्यांना वाटले, नोकरी लागली. वास्तविक ती केवळ चाळणी होती. मुलाखत पुढेच होती.

मुलाखतीत समोर दोघे जण होते. त्यांनी म्हटले, ‘स्वतःविषयी सांगा.’ त्याने पाठ केलेले इंग्रजी परिच्छेद म्हणून दाखविले. मग त्यांनी कॉलेजमधील प्रकल्पाविषयी विचारले, ‘चौघांनी मिळून केलेल्या या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केले?’ येथे तो अडखळला. त्याने स्वतः केलेले काम लहान होते आणि ते सांगायला त्याला लाज वाटली. मग एक प्रश्न आला. संख्यांची एक यादी दिली आहे. तिच्यातील कोणत्या दोन संख्यांची बेरीज १०० होते, ते शोधून द्या.

मुलगा गप्प बसला. एक मिनिट गेले, पाच मिनिटे गेली. समोरच्या बाईंनी विचारले, ‘काय विचार चालला आहे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, येत नाही.’ मुलाखत तिथेच आटोपली. आठ दिवसांनी नकाराचा ईमेल आला.

त्यानंतर तो मला भेटायला आला. मी त्याची समजूत घालू लागलो, तर तो म्हणाला, ‘सर, एक रीत मला येत होती. दुसरी अर्धी सुचली होती.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘चुकेल असे वाटले. तुम्हीच सांगायचात ना सर, उत्तर पक्के येत असेल तरच हात वर करा.’

मित्रांनो, हे वाक्य माझेच आहे. वर्गात साठ मुले, तास पस्तीस मिनिटांचा. गोंधळ नको म्हणून मी ते वर्षानुवर्षे म्हणत आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार-पाच दिवसांनी मी त्याला घरी बोलाविले आणि म्हटले, ‘मला संगणक कळत नाही. तो प्रश्न मला समजेल असा सांग.’ त्याने जे सांगितले, ते मी आपणांस सांगतो. त्यातूनच ही मुलाखत म्हणजे काय, ते कळेल.

समजा, यादीत १००० संख्या आहेत. साधी रीत अशी की, पहिली संख्या घ्यावी आणि ती उरलेल्या प्रत्येकीशी जोडून पाहावी. मग दुसरी घ्यावी आणि पुन्हा तसेच करावे. उत्तर नक्की मिळेल, पण त्यासाठी सुमारे पाच लाख जोड्या तपासाव्या लागतील. आता दुसरी रीत पाहा. किराणा दुकानदार उधारीची वही ठेवतो, तशी एक वही ठेवावी. ३७ आली, तर तिला जोड हवी ६३ ची. ६३ वहीत आधी लिहिलेली आहे का, ते पाहावे. नसेल, तर ३७ वहीत लिहून पुढे जावे. अशा रीतीने यादीवरून एकदाच नजर फिरविली की काम होते. पाच लाखांच्या जागी फक्त हजार पावले! हवी ती नोंद चटकन सापडेल अशी वही संगणकातही ठेवता येते. तिला हॅश टेबल म्हणतात.

आता मला सांगा, ज्याला पहिली रीत येत होती, त्याने ‘येत नाही’ का म्हणावे? त्याने म्हणायला हवे होते, ‘एक साधी रीत मला दिसते. ती हळू चालेल, पण बरोबर आहे. तिच्यापासून सुरुवात करू का?’ मुलाखत घेणाऱ्याला हेच ऐकायचे असते. उत्तर तर पुस्तकात छापलेले असते. हा मुलगा उद्या आपल्या शेजारी बसून काम करणार आहे. अडल्यावर तो काय करतो, चूक दाखविली तर रागावतो की सुधारतो, कळले नाही तर विचारतो की लपवितो, हे त्याला पाहायचे असते. आपण तोंडच उघडले नाही, तर डोक्यातला विचार त्याला कसा दिसावा?

चुकण्याची भीती वाटते, हे मला मान्य आहे. पण या क्षेत्रातले थोर लोकही किती चुकतात, ते ऐका. शब्दकोशात शब्द शोधताना आपण कोश मधोमध उघडतो; शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडून देतो आणि उरलेला पुन्हा मधोमध उघडतो. या रीतीने १००० पानांतून हवे ते पान दहा वेळा उघडण्यात सापडते. संगणकात याला बायनरी सर्च म्हणतात. इतकी ही सोपी गोष्ट! जॉन बेंटली या अमेरिकन तज्ज्ञांनी शंभराहून अधिक व्यावसायिक प्रोग्रामरांना हाच प्रोग्रॅम लिहायला दिला होता. दोन तास दिले, तरी सुमारे ९० टक्के जणांना स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चुका सापडल्या. १९८६ च्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकात बेंटलींनी ही हकिकत दिली आहे. पुढे २००६ साली जोशुआ ब्लॉक या तज्ज्ञांनी जाहीर केले की, त्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्येच एक चूक राहून गेली होती. आणि जावा या भाषेसाठी मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही तीच चूक होती. यादी फारच प्रचंड असेल, तर दोन आकड्यांची बेरीज संगणकाच्या ठराविक मर्यादेपलीकडे जात असे. इतक्या मोठ्या माणसाने आपली चूक जगाला सांगितली. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

हे सारे मला पटले होते, पण मुलाला मोठ्याने विचार करायला शिकवावे कसे, ते कळत नव्हते. उत्तर मिळाले त्याच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये. माझी जुनी स्कूटर बंद पडली म्हणून मी ती तिथे नेली. चाचा खाली बसले आणि हाताखालच्या पोराला सांगत कामाला लागले. ‘टाकीत पेट्रोल आहे. कार्ब्युरेटरपर्यंत येते का बघू. येते. म्हणजे पेट्रोलचा दोष नाही. आता प्लग काढ. ठिणगी पडत नाही. नवा प्लग लावून बघ. तरी नाही? मग प्लगचाही दोष नाही. चल, कॉइलकडे.’

मी मुलाकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. कंपनीला जे हवे होते, ते त्याच्या घरात रोज चालले होते! चाचांना आरंभी दोष माहीत नव्हता. पण ते ‘येत नाही’ म्हणाले नाहीत. जे माहीत आहे तिथून त्यांनी सुरुवात केली, एकेक शक्यता तपासून बाजूला सारली, आणि प्रत्येक पाऊल बोलून दाखविले.

त्यानंतर दर रविवारी तो माझ्याकडे येई. एक प्रश्न घेई आणि ‘चाचांच्या पद्धतीने’ मला समजावून सांगे. मी अडाण्यासारखे प्रश्न विचारी. पहिले काही रविवार तो पुन्हा पुन्हा गप्प होई. मग हळूहळू जीभ मोकळी झाली.

सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत झाली. प्रश्न असा होता की, साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची एक यादी आहे. ती कुठेतरी संपते, की फिरून स्वतःलाच येऊन मिळते, ते ओळखा. त्याने आधी विचारले, ‘यादी रिकामी असू शकते का?’ मग सांगितले, ‘पाहिलेली प्रत्येक नोंद वहीत लिहीन, तीच पुन्हा आली, तर साखळी गोल आहे.’ समोरचे म्हणाले, ‘वही ठेवायची नाही.’ तो अडला. पण या वेळी म्हणाला, ‘सर, वहीशिवाय कसे करावे, ते अजून सुचलेले नाही. फक्त साखळीवरून चालत जाणे एवढेच हातात आहे.’ त्यांनी धागा दिला, ‘दोघे जण चालले तर?’ आणि त्याला शाळेचे मैदान आठवले! गोल धावपट्टीवर जलद धावणारा हळू चालणाऱ्याला मागून येऊन गाठतोच. रस्ता सरळ असेल, तर तो पुढे निघून जातो. प्रोग्रॅम लिहिताना एक चूक झाली. ती त्याने स्वतःच तपासताना पकडली आणि बोलून दाखविली. त्याची निवड झाली. प्रश्न त्याने एकट्याने सोडविला नव्हता, हे लक्षात घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, यावरून मी काही गोष्टी सांगतो. प्रश्न नीट ऐका, आणि कळला नाही तर पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही. एखादे लहान उदाहरण घेऊन ते कागदावर मांडा. आधी साधी रीत सांगा, मग सुधारा. सूचना मिळाली, तर तिला अपमान न मानता मदत माना. शेवटी आपले उत्तर आपणच तपासा. यादी रिकामी असेल तर, एकच संख्या असेल तर, तीच संख्या दोनदा आली तर काय होईल, ते पाहा. अर्जात जे लिहाल, ते खरे लिहा. चार भाषा येतात असे लिहून एकही न येण्यापेक्षा, एक लिहून ती नीट येणे बरे. प्रकल्पातील तुमचे काम लहान असले तरी ते तुमचे आहे, ते अभिमानाने सांगा. इंग्रजी साधी, छोट्या वाक्यांची असली तरी चालते. पाठ केलेली इंग्रजी मात्र पहिल्याच उलटप्रश्नाला कोलमडते.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मूल शाळेतून आले की आपण विचारतो, ‘किती मार्क पडले?’ त्याच्या जोडीला एवढेच विचारा, ‘हे गणित तू कसे सोडविलेस? मला सांग.’ आपल्याला कळले नाही, तरी ऐका. वडीलधाऱ्यांसमोर गप्प बसणे हा अदब आहे, हे मलाही मान्य आहे. पण विचारल्यावर नम्रपणे आपले मत सांगणे हाही अदबच आहे. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष लक्षात ठेवा. आजकाल अनेक मुलाखती घरबसल्या व्हिडिओवर होतात. आमच्या एका माजी विद्यार्थिनीची मुलाखत चालू असताना तिच्या अम्मी तासभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आलेल्या पाहुण्यांना त्यांनी शेजारी नेऊन बसविले, कुकरची शिट्टी होऊ दिली नाही. त्या अम्मींना संगणक कळत नव्हता, पण त्या मुलाखतीत त्यांचाही हिस्सा होता.

आणखी एक सावधगिरी बाळगा. मुलाखतीसाठी किंवा नियुक्तिपत्रासाठी मोठ्या कंपन्या उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. कोणी ‘अनामत भरा, नोकरी लावतो’ म्हणाला, तर तो फसविणारा आहे असे समजा. तसेच एका नकाराने मुलाला नालायक ठरवू नका. त्या पहिल्या नकारानंतर चाचा मुलाला एवढेच म्हणाले होते, ‘गाडी पहिल्या किकला सुरू होत नाही बेटा.’

राहता राहिलो मी. माझ्या वर्गात आता ते जुने वाक्य मी म्हणत नाही. ‘अर्धे येत असेल तर अर्धे सांगा,’ असे म्हणतो. वर्गात गोंधळ वाढला आहे, हे मुख्याध्यापक साहेबांनाही ठाऊक आहे. त्यांनी सांभाळून घ्यावे. मुले चुकीची उत्तरे देतात, एकमेकांना दुरुस्त करतात, तास कधी कधी अपुरा पडतो. पण पस्तीस मिनिटांची ती जुनी शांतता एका मुलाला फार महाग पडली होती, हे मी विसरू शकत नाही.

 घरी गेल्यावर आपल्या मुलांना शांत बसवू नका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.