लेथपाशीं उभा राहणारा मुलगा

घरांतला मुलगा यंत्रशाळेंत उमेदवारीला लागला म्हणजे आई त्याला दोनच गोष्टी सांगते : वेळेवर जेव आणि हाताला जप. माझ्या एका विद्यार्थ्याला मींही हाच उपदेश केला. एवढेंच नव्हे, तर जाड हातमोज्यांचा एक जोड दिला. चार महिन्यांनीं तो भेटावयास आला, तेव्हां त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें नव्हतीं. लेथ चालूं असतां हातमोजा फिरत्या गजांत अडकला होता. त्यानें मला बोल लावला नाहीं. पण हा विषय मीं त्यानंतरच नीट समजून घेतला.

लेथच्या चकांत धरलेला गज फिरतो आणि हत्यार त्याला कापतें. आतां थोडें गणित करूं. ५० मिलिमीटर व्यासाचा गज मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारें दीड मीटर धांवतो. धोका ध्यानांत येऊन हात हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यांत अडकलेली बाही जवळजवळ ४० सेंटिमीटर गुंडाळली जाते! म्हणून हातमोजे, अंगठी, घड्याळ, सैल बाही, गळ्यांतला रुमाल हीं सर्व तेथें वर्ज्य. गरम कढईपाशीं जें हाताला वांचवितें, तेंच लेथपाशीं हात ओढून नेतें.

१९४८ च्या कारखाना कायद्यानें चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्यास अंगाबरोबर बसणारे कपडे आवश्यक ठरविले होते. लेथच्या मागें बाहेर आलेल्या गजालाही कुंपण सांगितलें होतें; कारण लांब गज वेगांत वांकतो आणि चाबकासारखा आपटतो.

कापतांना निघणारे धातूचे वळसेदार किस तापलेले व धारदार असतात. ते यंत्र थांबवून आंकड्यानें काढावे, बोटांनीं कधींही नव्हे.

घासणीचें चाक बसविण्यापूर्वीं तें लांकडी मुठीनें हलकेंच वाजवून पाहतात. बाजारांत मडकें घेतांना आपल्या घरच्या बायका पाहतात तसेंच! नाद खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर चाकाला तडा आहे असें समजून तें बाजूला ठेवावें. असें चाक वेगांत फुटलें म्हणजे त्याचे तुकडे समोरच्याच्या तोंडावर येतात.

तो विद्यार्थी आतां नव्या मुलांना काम शिकवितो. चकाची किल्ली चकांतच विसरून यंत्र सुरू केलें, तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून किल्ली चकांत असेपर्यंत तिच्यावरचा हात काढावयाचा नाहीं, हा त्याचा पहिला पाठ. कोणी काढलाच, तर त्या दिवशीं सबंध यंत्रशाळा झाडण्याचें काम त्या मुलाकडे.