अण्णा भाऊ साठे : दीड दिवसाच्या शाळेपलीकडे



दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला वाढणाऱ्या आपल्या मुलांना जॅक लंडन ठाऊक असतो. पोरवयात डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात राबलेला, पुढे जगप्रसिद्ध झालेला अमेरिकन कादंबरीकार. आज मी बोलणार आहे ते त्याच जातकुळीच्या आपल्या माणसाबद्दल, अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दल.

जन्म १ ऑगस्ट १९२०, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, मांग समाजातला. गावात पोट भरेना म्हणून हे कुटुंब मुंबईकडे निघालं, तेही पायी. २०२० च्या मार्चमध्ये आनंद विहारकडे चालत निघालेली माणसं आपण पाहिली आहेत. ती शहर सोडून गावाकडे चालली होती, अण्णा भाऊ गावातून शहराकडे. डोक्यावरचं गाठोडं मात्र तेच.

मुंबईत हमाली केली, गिरणीत काम केलं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची संगत लाभली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची लावणी घरोघरी पोचली. हे सगळं आपण दर जयंतीला ऐकतो. आणि त्याबरोबर हमखास येतं ते 'दीड दिवसाची शाळा'.

माझी तक्रार इथेच आहे. त्या दीड दिवसाचं कौतुक करता करता आपण पुस्तक उघडायचंच विसरतो. शाहीर म्हणून हार घालतो आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा लेखक बाजूला राहतो.

'फकिरा' घ्या. १९५९ ची कादंबरी, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण केली आहे डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला. वारणेच्या खोऱ्यातला दुष्काळ, इंग्रजी अंमल, गुन्हेगार ठरवून मांगांवर लादलेली रोजची हजेरी. फकिरा धान्य लुटतो ते उपाशी माणसं जगावीत म्हणून. पण बघा, अण्णा भाऊंनी सगळे वरच्या जातीचे लोक दुष्ट केले नाहीत. विष्णुपंत कुलकर्णी या उपाशी माणसांच्या बाजूने उभा राहतो. प्रचारक लेखकाला हे सुचलं नसतं. माणसं जवळून पाहिलेल्यालाच सुचतं.

कादंबरीला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले, त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. आणि परत आले कुठे? घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत! जॅक लंडनला लेखणीने श्रीमंत केलं. मोठा पैसा देणारी मासिकं त्याच्यापाशी होती. आपल्याकडे वाचक होते, पुस्तकांवर सिनेमे निघत होते, पण लेखकाच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती.

२०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. चांगलंच झालं. पण तालकटोरा स्टेडियमवर २०२५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दिल्लीकर मराठी माणूस किती अभिमानाने मिरवत होता! त्यातल्या किती घरांत 'फकिरा' आहे?

नसेल तर मागवा. मुलांना मराठी वाचायला जड जात असेल तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ही भाषा कानावर पडण्यासाठीच लिहिलेली आहे. सुरुवात राणोजीपासून होते, फकिराच्या बापापासून. तो दुसऱ्या गावची जोगणी आणायला निघतो, तिथपर्यंत आज रात्री वाचा.